नव्या पक्षाला अटीवर पाठिंबा: मत द्यावं, पैसा द्यावा की वेळ?

भ्रष्टाचाराविरुद्ध उभा राहिलेला पक्ष आवडलाय, पण पुरता विश्वास बसत नाही, अशा माणसाने त्या पक्षाला नेमकं काय द्यावं? मत, पैसा, सुट्टीचे दिवस की स्वतःचं नाव? या चारींची तुलना करताना मी एकच कसोटी लावतो. उद्या पाठिंबा काढून घेतला तर पक्षाला ते कळेल का, आणि कशासाठी काढला हेही कळेल का?

उदाहरण आम आदमी पक्षाचं घेतो. २६ नोव्हेंबर २०१२ ला स्थापना झाल्यापासून सत्ता, फूट, तुरुंग आणि पराभव असं सगळं या पक्षाने पाहिलं. शिवाय ज्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनातून तो निघाला त्याचा चेहरा राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे होते.

आधी अटी कोणत्या, ते ठरवा

'प्रामाणिक राहा' ही अट होत नाही, ती तपासता येत नाही. तपासता येतील अशा अटी या पक्षाने सुरुवातीला स्वतःच घालून घेतल्या होत्या. देणगीदारांची नावं संकेतस्थळावर टाकली. २०१३ च्या दिल्ली निवडणुकीसाठी २० कोटी रुपये जमले तेव्हा 'आता पैसे पाठवू नका' असं जाहीर केलं. भारतीय राजकारणात असं आवाहन मला तरी दुसरं आठवत नाही. एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहायचं नाही, असं पक्षाच्या घटनेत लिहिलं. पक्षातल्याच तक्रारी तपासायला पक्षांतर्गत लोकपाल नेमला.

पुढे काय झालं? माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास हे पक्षाचे लोकपाल होते. ते अलिबागजवळ राहत. २८ मार्च २०१५ च्या राष्ट्रीय परिषदेच्या बैठकीला येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं आणि लगोलग त्यांच्या जागी नवे लोकपाल आले. त्याच बैठकीत संस्थापकांपैकी योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना राष्ट्रीय कार्यकारिणीतून काढलं. देणगीदारांची यादी २०१६ मध्ये संकेतस्थळावरून गेली. पदाच्या मुदतीचं कलम २०२१ मध्ये बदललं आणि त्याच वर्षी केजरीवाल तिसऱ्यांदा राष्ट्रीय संयोजक झाले. केजरीवाल पुढे ज्यात तुरुंगात गेले त्या दिल्लीच्या मद्य धोरणाच्या खटल्यावर यातली एकही गोष्ट अवलंबून नाही. कोर्टात काय व्हायचं ते होवो, पण सावध समर्थकाला इशारा २०१५ ते २०२१ दरम्यानच मिळालेला होता.

म्हणून नव्या पक्षाच्या बाबतीत या तीन अटी मी कागदावर लिहून ठेवीन: देणगीदारांची यादी, नेत्याच्या मर्जीवर न चालणारा आतला लोकपाल, आणि पदाची मुदत. तिकिटांचा प्रश्न थोडा सोपा आहे. उमेदवारावर गुन्हे असतील तर ते आणि त्याला निवडण्याचं कारण पक्षाने जाहीर केलंच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. तो कागद वाचायची तसदी तेवढी घ्यायची.

मत आणि पैसा

मताची ताकद वादातीत आहे. दिल्लीत या पक्षाला २०१५ मध्ये ७० पैकी ६७ जागा मिळाल्या, २०२० मध्ये ६२, आणि २०२५ मध्ये २२. शेवटच्या निवडणुकीत भाजप आणि आप यांच्या मतांत फरक होता जेमतेम दोन टक्क्यांचा. म्हणजे अटीवर मत देणारे थोडेसे लोकही सरकार पाडू शकतात. पण ते का सरकले? मद्य धोरण, मुख्यमंत्र्यांचा बंगला, यमुनेचं पाणी की आयकराची सवलत? प्रत्येक प्रवक्त्याने आपल्या सोयीचं कारण सांगितलं. मतपेटी कारण लिहून घेत नाही, आणि ती उघडतेही पाच वर्षांनी.

पैशाचं तसं नाही. दरमहा दोनशे-पाचशे रुपये ऑनलाइन देणाऱ्याने वर्गणी थांबवली आणि 'यादी परत लावा, मग सुरू करतो' असं दोन ओळींचं ईमेल टाकलं, तर ते निदान कोणीतरी वाचतं. असे हजार जण निघाले तर खजिनदार नक्की वाचतो. कायद्याच्या भरवशावर राहू नका. निवडणूक आयोगाकडे नावासकट तपशील जातो तो वर्षाला २० हजारांहून जास्त देणाऱ्यांचा, त्याखालचं सगळं अंधारात राहू शकतं. रोख देऊच नका. जुन्या करप्रणालीत असाल तर पक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळते, तीही रोखीवर नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी एवढंच, की भारतीय पासपोर्ट असेल तर देणगी देता येते, नागरिकत्व बदललं असेल तर नाही.

एकरकमी मोठी देणगी मात्र टाळा. पैसे गेले की तुमच्या अटीला कोण विचारतो?

गोव्यात मताचा हिशोब जरा बदलतो. ४० मतदारसंघ, प्रत्येकी सरासरी तीस हजारांच्या आत-बाहेर मतदार. आमदार बाजारात भेटतो. २०२२ मध्ये आपने तिथल्या उमेदवारांकडून पक्ष न सोडण्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं होतं. वेळ्ळी आणि बाणावली इथून दोघे निवडून आले. त्याच सप्टेंबरात काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदारांनी भाजपची वाट धरली तेव्हा हे दोघे जागेवर राहिले. प्रतिज्ञापत्रामुळेच राहिले असं मी म्हणणार नाही. काँग्रेसवाल्यांनीही देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात शपथा घेतल्याच होत्या. पण लहान मतदारसंघात अट तोंडावर विचारता येते, मुंबईत ती घोषणापत्रातच राहते.

वेळ

पोलिंग एजंट म्हणून बसणं, घरोघर पत्रकं वाटणं, माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणं. नव्या पक्षाला याचीच सगळ्यात जास्त गरज असते आणि कार्यकर्ता आला नाही तर दुसऱ्याच दिवशी जाणवतं. माझ्या कसोटीवर हा मार्ग पहिला यायला हवा. येत नाही, कारण वेळ काढून घेणं फार जड जातं. प्रभागात मैत्र्या होतात, एकत्र चहा होतो, आणि नेत्याचं चुकलं तरी 'आपल्या पोरांना' कसं सोडायचं हा प्रश्न पडतो. सतरंज्या उचलणाऱ्यांची निष्ठा अशीच तयार होते. वेळ द्यायचाच असेल तर कामाला द्या: एक निवडणूक किंवा एक मोहीम, आणि मग थांबून पुन्हा विचार. सरकारी नोकरीत असाल तर सेवानियम आड येतात, हा विषय तिथेच मिटतो.

पद आणि उमेदवारी

इथे तराजू उलटतो. २०१४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात मेधा पाटकर, मीरा सन्याल, मयांक गांधी, अंजली दमानिया, सिंचन घोटाळ्यावर बोललेले निवृत्त अभियंता विजय पांढरे अशी माणसं या पक्षाकडून उभी राहिली. पक्षाला त्यांच्या नावाची किंमत मिळाली, त्यांना पराभव. पुढल्याच मार्चमध्ये पाटकर आणि दमानिया बाहेर पडल्या. मयांक गांधींनी आतल्या बैठकीत काय घडलं ते उघडपणे लिहिलं. आत असलेल्या माणसाच्या तोंडून कळणं हा पदाचा एकमेव फायदा, आणि तो जनतेला मिळतो, त्या माणसाला नाही. पदावर बसल्यावर अट तुमची राहत नाही, कारण तुम्हाला काढायचा अधिकार पक्षाकडे जातो.

अण्णांचा रस्ता

काहीच न देता बाहेरून दबाव आणणं हाही पर्याय आहे. अण्णांनी पक्षाला स्वतःचं नाव आणि फोटो वापरू दिला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये ते राळेगणला उपोषणाला बसले असताना संसदेत लोकपाल कायदा झाला. केजरीवालांनी त्याला 'जोकपाल' म्हटलं आणि दिल्ली विधानसभेत स्वतःचं जनलोकपाल विधेयक मांडता येईना म्हणून ४९ दिवसांत राजीनामा दिला. काँग्रेसच्या पाठिंब्यावर सरकार बनवावं का, हे त्यांनी एसएमएस मागवून आणि सभा घेऊन लोकांना विचारलं होतं. सोडताना विचारलं नाही. पण कायदा मिळवणाऱ्या अण्णांनाही पहिला लोकपाल नेमला जाईपर्यंत मार्च २०१९ उजाडावा लागला.

एवढ्यावरून निवडायचं झालं तर मी छोटी मासिक वर्गणी घेईन, तीन अटींचं ईमेल पहिल्या हप्त्याबरोबरच पाठवीन आणि मत मोकळं ठेवीन. गोव्यात राहत असतो तर क्रम उलटा केला असता: आधी उमेदवाराला गाठून प्रश्न, मग पैसा. तालुक्याचं पद देऊ केलं तर नाही म्हणीन.