फेरून की एबेरॉन? लांब पल्ल्याच्या मोहिमेसाठी जग निवडताना

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रे वठवत खेळायच्या खेळाची, वर्षभर तरी चालेल अशी मोहीम (सलग कथा) सुरू करायची आहे, पण ती फरगॉटन रेल्म्समधील फेरून खंडावर घडवावी की एबेरॉनच्या जगात, याचा निर्णय ज्यांना करता येत नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. नियम, वंश, वर्ग वगैरे बाबी वाचकाला ठाऊक आहेत असे गृहीत धरतो. दोन्हीकडे मंत्र बहुतांशी तेच असले, तरी त्या मंत्रांमुळे समाज किती बदलला याबाबत ही जगे दोन टोकांना आहेत, आणि माझ्या मते निवड याच मुद्द्यावर करावी.

फेरूनमध्ये जादू मिस्ट्रा देवीने राखलेल्या ‘वीव्ह’ या जादूच्या जाळ्यातून येते आणि तेथील इतिहास हा प्रामुख्याने कोसळलेल्या जादूई राज्यांचा इतिहास आहे. नेथेरिलच्या जादूगारांनी डोंगरांची शिखरे कापून, उलटी करून, त्यांवर तरंगती शहरे वसवली. पुढे कार्ससने मंत्राच्या बळावर देवत्व हिरावण्याचा प्रयत्न केला, काही क्षण जादूच लोपली आणि बहुतेक शहरे जमिनीवर आदळली. त्यानंतर कित्येक शतकांनी, तेथील कालगणनेच्या १३८५ साली, स्पेलप्लेग ही जादू बिघडवणारी आपत्ती आली. एवढी जादू असूनही समाज फारसा का बदलला नाही, तर जादूवर उभे राहिलेले काहीच येथे टिकत नाही म्हणून, हे स्पष्टीकरण भव्य आहे आणि बऱ्याच अंशी पटतेही. थे या देशात लाल झग्यांच्या जादूगारांची सत्ता आहे, कॉर्मिरच्या राजसत्तेच्या पदरी युद्धजादूगार आहेत. म्हणजे जादूने समाज मुळीच घडवला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय १९८७ पासून साचलेल्या साहित्यामुळे वॉटरडीप शहराच्या गल्लीबोळांतही कथानक तयार मिळते.

माझे मत फिरले ते ‘प्लांट ग्रोथ’ या एका मंत्रामुळे. खेळाच्या नियमांच्या पाचव्या आवृत्तीत तो तिसऱ्या पातळीचा आहे; आठ तास खर्च करून म्हटला, तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतील जमीन वर्षभर दुप्पट पीक देते, आणि त्याला महागडे साहित्यही लागत नाही. आमचे टेबल, म्हणजे खेळणारा गट, नागपुरात, धरमपेठेतील एका मित्राच्या घरी, कूलरच्या घरघरीत चालते. खेळ चालवणारा म्हणून मी मोठ्या हौसेने फेरूनमधील एक दुष्काळी गाव उभे केले होते. काटोलकडे संत्र्याची बाग असलेल्या आमच्या एका खेळाडूने मोबाइलवर तेथल्या तेथे हिशेब केला, हे क्षेत्र पाचशे एकरांहून थोडे अधिक भरते असे जाहीर केले आणि विचारले, “मग हे लोक उपाशी काहून मरून राहिले, भाऊ?” ज्याने आंबिया बहाराची फळगळ डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला हा प्रश्न पडणारच. हा मंत्र जाणणारा ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा, दूरच्या अरण्यात राहतो असे मी सांगितले, तर मंडळी त्याला आणायला निघाली. जमीन शापित आहे म्हटले, तर शाप उतरवण्याचा मंत्र कोणाकडे आहे याची चौकशी सुरू झाली. प्रत्येक वेळी सबब मलाच शोधावी लागे, आणि पुढच्या बैठकीत ती सबब नियम म्हणून माझ्याच गळ्यात पडे. इतर टेबलांवर असे होत नसेलही. परंतु माझा उत्साह या एका कटकटीने हळूहळू संपवला.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एबेरॉनमध्ये हा प्रश्न खेळाडूंच्या आधी जगानेच विचारलेला आहे. तेथे अतिसमर्थ जादूगार दुर्मीळ आहेत, पण लहानसहान जादू मात्र कारागिरांच्या हातात आहे: रस्त्यांवर न विझणारे दिवे, मूलतत्त्वांच्या शक्तीवर धावणारी लाइटनिंग रेल, सिव्हिस घराण्याच्या केंद्रांतून दाम मोजून धाडायचे संदेश. अंगावर ड्रॅगनमार्क ही आनुवंशिक जादूई खूण वागवणाऱ्या घराण्यांनी एकेका धंद्याची मक्तेदारी धरली आहे. जोरॅस्को घराणे उपचार करते, पण फुकट करत नाही. त्यामुळे ‘मंत्र असताना माणसे का मरतात’ याचे उत्तर मला रचावे लागत नाही, ते दरपत्रकातच असते. कॅनिथ घराण्याने युद्धासाठी घडवलेल्या वॉरफोर्ज्डना, म्हणजे जिवंत यंत्रसैनिकांना, ते युद्ध संपवणाऱ्या थ्रोनहोल्डच्या तहाने गुलामीतून मुक्त केले. आता या सैनिकांनी शांततेच्या काळात पोट कशावर भरायचे—त्यांना पोट नसले तरी—हा प्रश्न कोणत्याही राक्षसाहून अधिक बैठका पुरतो. शेतीचेही तसेच: औंडेरच्या राजसत्तेने वाऱ्यावर सोडलेले पश्चिमेचे शेतकरी फुटून निघाले आणि एल्डीन रीचेसमध्ये त्यांनी ड्रुइडांचे नेतृत्व स्वीकारले. आमच्या काटोलकर मित्राने हे ऐकून पुढचे पात्र तेथलेच घेतले.

एबेरॉनमध्ये उणिवा नाहीत असे नाही. नव्या खेळाडूला घराण्यांची नावेच आधी घाबरवतात, पहिल्या काही बैठका ओळख करून देण्यातच जातात आणि ज्यांना किल्ला, ड्रॅगन, खजिना एवढेच हवे असते त्यांना हे सगळे राजकारण जड वाटू शकते. अशा मंडळींसाठी, किंवा दोन-चार बैठकांच्या छोट्या कथेसाठी, फेरूनच बरे. तयार साहसकथाही तेथे कितीतरी जास्त आहेत. मात्र एबेरॉनचा काळ पुस्तकागणिक पुढे सरकत नाही, तेथील कालगणनेचे ९९८ हेच वर्ष आरंभबिंदू राहते, त्यामुळे नवे पुस्तक येऊन आपल्या टेबलावर घडलेले काही खोटे ठरवेल ही धास्ती राहत नाही. तुमच्या टेबलावर हिशेब मांडणारा एक जरी खेळाडू असेल, तर मी एबेरॉनकडे झुकेन, आणि सुरुवात शार्न या महानगराच्या मनोऱ्यांऐवजी एल्डीनमधील एखाद्या खेड्यातून करेन, म्हणजे घराण्यांची ओळख एकेक करून होत जाईल.