जादा ब्रेक लिव्हर, काही महिन्यांच्या वापरानंतर: ब्रेक पक्का, पण ती खुळखुळ!

सर्व्हिसिंगहून सायकल आणली, जिन्याखाली लावताना हँडल पूर्ण वळवलं, तर मागचा ब्रेक आपोआप लागला. लिव्हरला बोटसुद्धा नव्हतं. नवीन आउटर (ब्रेकच्या तारेवरची बाहेरची नळी) टाकताना ती दिसायला नीटनेटकी म्हणून आखूड कापली होती. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "हँडल एवढं वळवायचंच कशाला?" तिथून उठले, घरी येऊन सगळं उसवलं आणि पुन्हा स्वतः बसवलं. त्या रागातच हा अनुभव लिहायला घेतला आहे.

टोकं खाली वळलेल्या ड्रॉप हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या मधल्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना बसतात त्या छोट्या लिव्हरबद्दल बोलते आहे. मान आणि मनगटं कुरकुरायला लागली, गर्दीत ताठ बसून चालवावंसं वाटायला लागलं, पण ब्रेक मात्र पुढे हुडवर, म्हणजे मुख्य लिव्हरच्या रबरी मुठीवर. म्हणून घेतल्या.

घेताना भरवसा अजिबात नव्हता. 1970 च्या दशकातल्या सायकलींवर मुख्य लिव्हरच्याच खिळीला जोडलेली एक लांब पट्टी यायची. नाव सेफ्टी लिव्हर, आणि चालवणारे तिला सुइसाइड लिव्हर म्हणायचे. ती दाबली की निम्मी चाल पट्टी वाकण्यातच जायची. आताच्या लिव्हरचा तिच्याशी काही संबंध नाही. मुख्य लिव्हर आतली तार ओढते. ही तारेला हातच लावत नाही. आउटर मधेच कापून ही त्या दोन तुकड्यांच्या मधे बसते आणि दाबली की ते तुकडे एकमेकांपासून दूर ढकलते. तारेचं टोक मुख्य लिव्हरमध्ये अडकलेलं असतं, त्यामुळे परिणाम तार ओढल्यासारखाच. हुडवरून ब्रेक मारला तर तार हिच्यातून नुसती सरकून जाते. दोन्ही लिव्हर एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

आणि ब्रेक खरोखर चांगला लागतो. दोन बोटं पुरतात. हुडवरून दाबताना मला जितका जोर लागतो त्यापेक्षा कमीच लागतो, कारण इथून कॅलिपरपर्यंतची (चाकावर ब्रेकपॅड दाबणाऱ्या चिमट्यापर्यंतची) वाट छोटी आणि वळणं कमी. नवीन असताना थोडा स्पंजासारखा वाटतो, कारण आउटरची टोकं आणि त्यांवरच्या टोप्या हळूहळू बसतात. एकदा तार ताणून घेतली की संपलं. उतारावर जोरात असताना मात्र इथून ब्रेक मारू नये. हात स्टेमजवळ एकवटलेले असतात, खड्डा आला तर हँडल आवरायला पुरेशी पकड राहत नाही. तिथे हूड किंवा खालचे ड्रॉपच.

आता आवाजाकडे येते. खुळखुळ. खडबडीत रस्ता लागला की दोन्ही लिव्हर अशा वाजतात की मागून बैलगाडी येते आहे असं वाटावं. बाकी कुठल्याही दोषाला मी माफ केलं असतं. वजन, दिसणं, सगळं. पण मी सायकल शांततेसाठी चालवते. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासला, बाटलीचा पिंजरा तपासला, मडगार्ड काढून चालवून पाहिलं. चालता चालता लिव्हरवर बोट टेकवलं की आवाज बंद, बोट उचललं की सुरू. इतक्या पुराव्यानंतरही बसवणाऱ्याचं म्हणणं एकच: "आवाज चेनचा आहे."

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मग आउटर पुन्हा कापली, आणि मत थोडं बदलावं लागलं. दुकानात पक्कडीने चिमटून कापलेली टोकं चेपलेली होती, आतल्या गुंडाळीची एक कडा तारेत घुसत होती. केबल कटरने कापून, कानशीने टोक सपाट करून, आतलं प्लास्टिक टोच्याने मोकळं केल्यावर डावीकडची खुळखुळ जवळजवळ थांबली. कारण सरळ आहे: न दाबलेल्या लिव्हरला मिटून धरते ती कॅलिपरच्या स्प्रिंगची ओढ. वाटेत घर्षण असेल तर ती ओढ लिव्हरपर्यंत पोचतच नाही आणि लिव्हर अधांतरी राहते. म्हणजे निम्मा दोष लिव्हरचा नव्हताच. उजवीकडची अजून वाजते, तिच्या खिळीतच ढिलाई आहे. तिथे जुन्या ट्यूबची अरुंद पट्टी चिकटवली आहे. पट्टी जाड नको, नाहीतर लिव्हर पूर्ण मिटत नाही आणि ब्रेक घासत राहतो.

स्वतः बसवणार असाल तर आउटर ब्रेकचीच घ्या, गिअरची नको. गिअरच्या आउटरमधल्या उभ्या तारा ब्रेकच्या जोराला फाटू शकतात. लिव्हरपासून फ्रेमच्या पहिल्या थांब्यापर्यंत (आउटर जिथे फ्रेमवर अडते तिथपर्यंत) ढील ठेवा आणि हँडलची टेप गुंडाळण्याआधी हँडल दोन्ही टोकांना वळवून ब्रेकपॅड हलतात का बघा. एवढंच माझ्या सायकलला कुणी केलं नव्हतं. तार नवीनच घाला. जुनीचं विसकटलेलं टोक लिव्हरच्या भोकात अडकतं आणि एकेक पदर उलटा फिरतो. लिव्हर हँडलला आवळणाऱ्या क्लॅम्पचं माप आधी मोजा. हँडल मध्यभागी 31.8 मिमी असलं तरी बाजूला 23.8 होतं, आणि लिव्हर दोन्ही मापांत मिळतात. वरून चपटं एरो हँडल असेल तर विषयच संपला.

हायड्रॉलिक ब्रेकवाल्यांना ही तारेची लिव्हर चालणार नाही. त्यांच्यासाठी शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत तेलाच्या नळीवर बसणारी वेगळी लिव्हर आहे, पण एवढा खर्च करण्यापेक्षा मी हुडवर हात ठेवायला शिकले असते.

टेप नवीन घेतली नाही. आता ती लिव्हरपाशीच थांबवावी लागते, त्यामुळे जुनीच उलगडून पुन्हा गुंडाळली आणि टोकं इन्सुलेशन टेपने बांधली. दिसायला गचाळ आहे, पण हातमोज्यांखाली कोण बघतंय. खरी अडचण जागेची. घंटी, दिवा आणि मीटर, तिघांनाही हवी होती तीच आडवी पट्टी, जिथे आता लिव्हर बसल्या आहेत. मीटर स्टेमवर गेला, दिवा फोर्कवर. घंटीला अजून जागा सापडलेली नाही. तोवर उजवीकडची लिव्हर वाजते आहे, लोक बाजूला होतात.