सोमाली नाश्ता घरी करताय? अंड्यासोबत लहोह की अंडं घातलेलं मलवह

सोमाली नाश्त्यात अंडं आणायचे दोन सोपे प्रकार आहेत. एक तिखटमिठाचा: कांदा-टोमॅटोवर परतलेली अंडी आणि सोबत लहोह, म्हणजे आंबवलेल्या पिठाची आंबोळीसारखी जाळीदार पोळी. सोमालियाची राजधानी मोगादिशूकडे याच लहोहला अन्जेरो म्हणतात. दुसरा गोडाचा: मलवह, म्हणजे पातळ गोड धिरडं, ज्यात अंडं पिठातच फेटलेलं असतं.

आधी घड्याळ बघा. सकाळी उठून ठरवलं असेल तर मलवहच करावं लागेल, कारण लहोहचं पीठ आदल्या रात्री भिजवायला हवं. मलवहला दीड कप मैदा, २ अंडी, साधारण २ कप दूध, २-३ चमचे साखर, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ एवढंच लागतं. पीठ पातळ ठेवा, गुठळी राहू देऊ नका. तव्यावर पसरून दोन्ही बाजूंनी भाजा आणि गरम असतानाच तूप लावून वर साखर किंवा मध घाला. मुलं आनंदाने खातात. पण अंडं जिभेला फारसं जाणवत नाही. अंडं खायचंय म्हणून करत असाल तर समाधान होणार नाही.

लहोहला कष्ट थोडे जास्त, पण चव त्यातच आहे. आज शहरांत ते बरेचदा मैद्याचं करतात. मी ज्वारी घालायला सांगेन, कारण सोमालियातल्या जुबा आणि शबेले नद्यांच्या मधल्या पट्ट्यात मुख्यतः ज्वारी पिकते आणि आपल्या डब्यातही ती असतेच. नुसत्या ज्वारीचं लहोह मात्र चिरतं. म्हणून १ कप ज्वारीचं पीठ, १ कप मैदा, अर्धा चमचा यीस्ट आणि कोमट पाणी, ओतता येईल इतकं सैल. सकाळी बुडबुडे दिसले की मीठ घाला. तव्याच्या मधोमध पळीभर पीठ ओतून पळीच्या पाठीने गोल गोल बाहेर फिरवत न्या. झाकण ठेवा आणि उलटू नका! वरचा ओलेपणा गेला, जाळी पडली की झालं. आंबोळी जमणाऱ्याला हे पहिल्या दोन-तीन घावनांत जमेल.

अंडी त्यामानाने पटकन होतात: ४ अंड्यांना १ कांदा, १ टोमॅटो, एक हिरवी मिरची, पाव चमचा हवाश. हवाश म्हणजे जिरं, धणे, मिरी, हळद, वेलची, लवंग आणि दालचिनी यांची पूड. घरचा गरम मसाला चालतो, पण मग जिरं-धणे वाढवून घ्या. गॅस लवकर बंद करा. लहोहच्या तुकड्याने उचलून खायचं असल्यामुळे अंडी ओलसर हवीत, सुकी भुर्जी नको.

पाहुण्यांसाठी, घाईसाठी मलवह. रविवारी, निवांतपणे, पोटभर खायचं असेल तर मी डोळे झाकून लहोह-अंडीच करेन. चहा दोन्हींबरोबर गोड आणि वेलची-दालचिनी घातलेला.

लहोहचं पीठ उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते जास्त आंबट होईल. तेव्हा अंडी न करता लहोह कुस्करा, वर तिळाचं तेल, साखर आणि थोडा चहा ओता. सोमाली घरांत असंही आवडीने खातात.