माथेरानच्या एका खोलीपायी गेलेले २२,७४९ रुपये

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठरलं: उद्या पहाटे निघायचं, आम्ही दोघंच, दोन रात्री माथेरान. साडेसातपर्यंत खात्यातून २२,७४९ रुपये गेले होते. आधी ४,२५०, मग ८,५००, मग ९,९९९. आयत्या वेळी खोली शोधणारी जोडपी हेच खोट्या बुकिंगने लुबाडणाऱ्या टोळ्यांचं गिऱ्हाईक. चार ठिकाणी ‘फुल्ल’ ऐकून झालेलं असतं, त्यात ‘एकच रूम शिल्लक आहे सर, होल्ड दहा मिनिटंच’ असं कोणी म्हणालं की हात आपोआप फोनवरच्या पेमेंटकडे जातो.

हॉटेल खरं आहे. नाव, फोटो, पत्ता, सगळं खरं. खोटा होता फक्त फोन नंबर. ऑनलाइन नकाशावरच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतो, आणि तो कधीकधी तपासणीतून सुटतो. नाहीतर नावातलं एखादं अक्षर फिरवून हुबेहूब साइट बनवायची आणि जाहिरातीचे पैसे भरून ती सगळ्यात वर आणायची. तेव्हा शोधल्यावर सगळ्यात वर दिसलेल्या नंबरवर पैसे पाठवू नका. हॉटेलची लँडलाइन शोधा, माथेरानचा कोड ०२१४८ आहे, आणि बुकिंग घेणारा माणूस तिथलाच आहे का ते विचारा.

आता जे रोज आठवतं ते. त्या नंबरवरच्या माणसाला मी विचारलं, गाडी कुठे लावायची? तो म्हणाला, “गेटच्या आतच लावा सर, फ्री पार्किंग आहे.” माथेरानात! दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे तिथल्या वाहनतळाच्या, पुढे पर्यटकांची गाडी जातच नाही. तिथून पायी, घोड्यावर, रिक्षाने किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेच्या शटलने जायचं. मी चार वेळा गेलोय तिथे, त्या लाल मातीने बुटांचे तळवे किती रंगतात ते मला ठाऊक आहे. तरी मी ‘बरं’ म्हणालो. बोलणाऱ्याने माथेरान कधी पाहिलंच नव्हतं, हे त्या एका वाक्यात उघड होतं. जागेबद्दल असा एक प्रश्न प्रत्येकाने विचारावा, ज्याचं उत्तर तिथे राहणाऱ्यालाच येईल. आणि उत्तर नीट ऐकावं.

लोक म्हणतात, शिकलेला माणूस फसतो कसा? मला लेटरहेडवर पावती आली होती, शिक्का, जीएसटी क्रमांक, सगळ्यासकट. तो क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७. पावतीवर होते ०७, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी साइटवर लॉगिन न करता क्रमांक टाकला की मालकाचं नाव दिसतं, एक मिनिटाचं काम. यूपीआयवर पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं बँकेतलं नावही दिसतं. तिथे हॉटेलऐवजी कुणा व्यक्तीचं नाव होतं. ‘मॅनेजरचं पर्सनल अकाउंट आहे’ हे मी मान्य केलं, कारण लहान हॉटेलांत खरंच तसं चालतं. ही सवय आपणच लावून घेतली आहे.

४,२५० गेल्यावर ‘सिस्टिमने अॅडव्हान्स पकडला नाही, फुल पेमेंट टाका, आधीचे पाच मिनिटांत रिव्हर्स होतील’. मग ९,९९९ ‘रिफंडेबल सिक्युरिटी’. परताव्यासाठी आधी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. पण अडकलेले पैसे सोडवायला माणूस आणखी पैसे टाकतो, यावरच हा धंदा उभा आहे. शेवटी त्याने ‘रिफंडसाठी’ क्यूआर पाठवला. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला, नाहीतर तेही झालं असतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लगेच लावा म्हणतात, लावला. सतरा वेळा व्यस्त, अठराव्यांदा लागला. तक्रार घेतली, पोचक्रमांक दिला, आणि जवळच्या ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात सांगितलं, रक्कम लहान आहे, ऑनलाइन झालंय ना मग पुरे, नाहीतर माथेरानला जा, हद्द त्यांची. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, तर ‘साहेब नाहीत’. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आणि एफआयआरची प्रत आणा. ती प्रत ठाणं देईना, ठाण्याला बँकेचं पत्र हवं! तीन आठवडे मी दोन टेबलांमध्ये कागद फिरवतोय. पहिल्या तासात पैसे अनेकदा एका खात्यात पडून असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी तो तास ‘झेरॉक्स आणा’ यात घालवतात.

तुमच्यावर वेळ आलीच तर प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), त्या माणसाचा फोन नंबर, पावती आणि चॅट पुसलं जाण्याआधी जपा. त्या माणसाला ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या. बँकेला लेखी कळवा आणि तारखेची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझे २६ झालेत.

एका खात्यात ३,११० रुपये गोठवल्याचा मेसेज परवा आला. बाकीचे १९,६३९ त्याच शुक्रवारी रात्री काढून नेलेत.