मॅडमनी आधी शर्ट काढायला सांगितला

ह्यांचं वय ७१, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय. इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट अशी फाईल फुगत गेली, पण मधल्या काळात जिथे दाखवलं तिथे फाईलच बघितली गेली. पायाला सूज येते म्हटलं तर पायमोजा खाली करून कुणी पाहिलं नाही. "वयामुळे होतं," एवढंच. फार वाईट वाटायचं. म्हणून साताऱ्यातल्या या दवाखान्याबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितेय.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि ह्यांना विचारलं, "काका, रात्री उशा किती लागतात?" हे म्हणाले, दोन. मी म्हटलं, संक्रांतीपासून तीन, आणि कधी कधी पहाटे उठून आरामखुर्चीत बसतात. मॅडमनी तेच लिहून घेतलं. मग शर्ट आणि पायमोजे काढायला लावले.

कॉटची डोक्याकडची बाजू अर्धी उचलली, मान किंचित डावीकडे वळवली आणि बाजूने टॉर्च धरला. मानेच्या उजव्या बाजूला कानाच्या दिशेने काहीतरी लपलपत होतं. ४६ वर्षांच्या संसारात मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. धमनी बोटाला ठोका देते. ही हृदयाकडे रक्त परत नेणारी शीर, तिची लपलप नुसती दिसते, हाताला लागत नाही. मग गळ्याच्या खाली छातीच्या हाडावरचा उंचवटा चाचपला, तिथे साधी शाळेची पट्टी उभी धरली आणि लपलप तिथून किती उंच पोचते ते मोजलं : साडेपाच सेंटिमीटर. तीनच्या वर गेलं की हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब वाढलाय असं धरतात, म्हणाल्या. पोटावर उजवीकडे तळवा दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवला, तर ती लपलप आणखी वर चढली आणि हात काढेपर्यंत उतरली नाही.

नंतर डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपचा छोटा भाग अगदी हलका टेकवला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. हृदयाचे दोन आवाज असतात, ह्यांचा तिसराही येत होता. मला ऐकायला दिलं, पण मला दोनच कळले. मग त्यांनी कॉटच्या दांडीवर बोटांनी ताल धरून दाखवला, घोडा दौडताना टापा पडतात तसा. पाठीवर खालपर्यंत ऐकलं तर फुप्फुसं स्वच्छ होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यावर म्हणाल्या, "काकू, जुन्या दुखण्यात छाती साफ वाटते तरी अंगात पाणी असू शकतं." नडगीवर अंगठा दाबून धरला, उचलल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. पावलं मात्र कोमट होती, म्हणजे रक्त पोचतंय. शेवटी खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधतात तसं वाकायला सांगितलं. पंधरा मोजेपर्यंत ह्यांना धाप लागली. देवापुढे वाकल्यावर हे असेच थांबायचे, आणि मी समजत होते गुडघ्यामुळे.

गुडघ्यावरून आठवलं. मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची पाकिटं मॅडमनी विचारून बाहेर काढली. अशा वेदनाशामक गोळ्यांनी शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ती बंद केली, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइड गोळीचा डोस वाढवला, किडनी आणि पोटॅशियम तपासायला पाठवलं. इको नको असं त्या मुळीच म्हणाल्या नाहीत. हृदय किती कमजोर झालंय हे इकोत कळतं, आज अंगात पाणी किती आहे हे हाताने बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, कारण आम्ही आठ दिवसांनी परत गेलो तेव्हा वजन ६८.४ वरून ६५.१ किलोवर आलं होतं. तीच कॉट, तीच पट्टी, अडीच सेंटिमीटर. उशा दोनवर आल्या. आता रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहिते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा. लोणचं-पापड बंद, त्यावरून रोज कुरबुर होते ती वेगळी.

तक्रारीही आहेत. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. धाप लागणाऱ्या माणसाला २२ पायऱ्या म्हणजे शिक्षा आहे, आणि हे मी मॅडमनाही सांगितलं. नंबर घेऊनसुद्धा दोन तास बसावं लागतं, कारण त्या प्रत्येकाला असाच वेळ देतात. फी ५०० रुपये, पंधरा दिवसांत परत गेलं तर घेत नाहीत.

जाणार असाल तर पेशंटला पुढे बटणं असलेला शर्ट घाला आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, डॉक्टरांनी न दिलेल्यासुद्धा. खाली कंपाउंडरला हाक मारली तर तो मधल्या वळणावर खुर्ची आणून ठेवतो.