हायपरडीबी तीन महिने वापरलं, रीड मस्त, राइटचं तुमचं तुम्ही बघा

चवथीच्या आधीचे आठ दिवस आमच्या साइटची दरवर्षी वाट लागते. घुमट आरतीची स्पर्धा कुठल्या गावात, कुठल्या देवळात कधी कुठलं नाटक, एवढंच असतं हो तिच्यावर, पण त्या आठवड्यात अख्खा फोंडा एकदम बघायला येतो की काय असं वाटतं आणि एकटा डेटाबेस बिचारा घामाघूम. यंदा शेवटी दोन रेप्लिका (मूळ डेटाबेसच्या मागोमाग ताज्या होत राहणाऱ्या प्रती, मूळ ती प्रायमरी) उभ्या केल्या आणि वर्डप्रेसला हायपरडीबी हे प्लगइन लावलं. ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीचं आहे, फुकट आहे.

हे रेप्लिकेशन, म्हणजे प्रायमरीतले बदल रेप्लिकांत उतरवणं, करून देत नाही हं, ते मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आपणच करायचं. हे फक्त कुठली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कुठे पाठवायची ते बघतं. सेटिंगचं पान वगैरे काही नाही, एक फाइल डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये टाकायची, दुसरी डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या शेजारी आणि तिच्यात एकेका सर्व्हरची माहिती हाताने लिहायची. माऊसने कामं करणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

आता माझा गाढवपणा. प्रत्येक सर्व्हरला 'रीड'चा एक आकडा द्यायचा असतो, मला वाटलं हे वजन, म्हणून जास्त रॅमवाल्या मशीनला ५ दिला आणि बारक्याला १. दोन दिवस बारकं मशीन धापा टाकतंय आणि मोठं निवांत झोपलंय! तो आकडा म्हणजे रांगेतला नंबर आहे, लहान आकडा आधी, तो गट मिळालाच नाही तर पुढचा. एकाच आकड्याचे सर्व्हर असतील तर त्यांच्यात चिठ्ठी टाकल्यासारखं वाटप होतं. आता दोन्ही रेप्लिकांना १ आणि प्रायमरीला २, म्हणजे दोन्ही पडल्या तरच वाचणारे प्रायमरीवर जातात. एका रात्री मुद्दाम एक रेप्लिका बंद करून बघितली, साइटवर कुणाला पत्ताही लागला नाही. इथे पूर्ण मार्क.

पण सर्व्हर जिवंत आहे का हे हायपरडीबी त्याचा पोर्ट (जोडणीचं दार) उघडतोय का एवढ्यावरच ठरवतं, त्यासाठी थांबतं ०.२ सेकंद. रेप्लिका शेजारच्या रॅकमध्ये असेल तर भरपूर झालं, सातासमुद्रापार असेल तर धडधाकट मशीनही मेलेलं धरेल, वाढवून घ्या. उलट रेप्लिकेशनच अडकलं असेल तर पोर्ट उघडाच असतो आणि लोक कालची यादी वाचत बसतात. त्यावर उपाय आहे, लॅग, म्हणजे रेप्लिका किती मागे पडलीय ते, तपासणारं फंक्शन जोडता येतं, पण ते आपणच जोडायचं, आणि मायएसक्यूएलच्या 'सेकंड्स बिहाइंड' या आकड्यावर विसंबू नका, रेप्लिकेशन थांबलं की तिथे आकड्याऐवजी नल (रिकामं) येतं. मी हार्टबीटचं टेबल केलं, प्रायमरीवर त्यात सारखी वेळ लिहायची आणि रेप्लिकेत ती किती जुनी दिसते ते बघायचं.

कमेंटची गंमत वेगळीच. ज्या टेबलात लिहिलं त्याचं वाचन त्या रिक्वेस्टपुरतं प्रायमरीकडे जातं, पण कमेंट टाकल्यावर वर्डप्रेस पान परत उघडतो, ती नवीन रिक्वेस्ट, ती गेली रेप्लिकाकडे, तिथे कमेंट अजून पोचलीच नाही. मग माणूस तीच कमेंट तीनदा टाकतो. आता नुकतंच काही लिहिलेल्याला कुकी देतो आणि कुकी दिसली की 'सेंड रीड्स टू मास्टर्स' हाक मारतो, म्हणजे त्याचं वाचनही प्रायमरीकडेच. तीनदा कमेंट येणं बंद झालं.

आणि प्रायमरीच पडली तर? हायपरडीबी कुठल्याही रेप्लिकेला प्रायमरी करत नाही. एका मित्राने सल्ला दिला, रेप्लिकेलाही 'राइट' २ देऊन टाक. नको रे बाबा, रेप्लिकेत लिहिलेलं प्रायमरीकडे परत जात नाही, जुनी प्रायमरी उठली की दोन याद्या आणि खरी कुठली ते देव जाणे. म्हणून रेप्लिका हाताने प्रायमरी करायची आणि मग फाइलमधल्या दोन ओळी बदलायच्या. त्या कुठल्या ते कागदावर लिहून राउटरवर चिकटवलंय, कारण आमच्याकडे पावसात लाइट जाते तेव्हा लॅपटॉप हमखास चार्ज नसतो आणि मोबाइलवरून हे सगळं करताना डोकं चालत नाही.