ईएसपी३२ चार रिलेवाला बोर्ड: वापरून बरेच महिने झाले, बाकी मस्त पण पॉवरचं रडगाणं

पावसाळ्याआधी घेतलेला बोर्ड, आता दिवाळीही होऊन गेली, तेव्हा लिहायला हरकत नाही. ईएसपी३२ मॉड्यूल (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप), चार रिले (विजेवर चालू-बंद होणारे स्विच), छोटा डिस्प्ले, यूएसबीवर चालतो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, असेच बोर्ड वेगवेगळ्या नावांनी मिळतात. माझ्याकडे तो गच्चीवरची टाकी आणि कुंड्यांचं पाणी सांभाळतो. सोल्डरिंग स्वच्छ, पिनांवरची अक्षरं वाचता येतात, सॅम्पल कोड पहिल्या झटक्यात चालला.

त्रास असा की नुसते रिले टकटक वाजवले तर काही होत नाही, नुसतं वायफाय चालवलं तरी काही नाही, पण दोन्ही एकदम झालं की बोर्ड रीसेट आणि सिरियल मॉनिटरवर 'ब्राऊनआऊट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे व्होल्टेज फार खाली पडल्याची चिपची तक्रार. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे कोड तपासा. व्हिडिओवाले तर तो डिटेक्टरच बंद करून टाकायला सांगतात, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. व्होल्टेज पडायचं ते पडतंच, फक्त ओरडणारा गप्प होतो आणि मग चिप मध्येच हँग होते नाहीतर भलतंच वागते.

चिपच्या ३.३ व्होल्टच्या पिनेला मल्टिमीटर लावलात तर ३.२८ दिसेल आणि वाटेल सगळं ठीक आहे, पण त्याला एवढा छोटा झटका दिसतच नाही. ऑफिसातल्या ऑसिलोस्कोपवर बघितलं, ट्रिगर फॉलिंग एजला, ३ व्होल्टवर (म्हणजे व्होल्टेज ३ च्या खाली पडलं की पकडायचं), प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून स्प्रिंग लावली. रिले ओढलेले असताना वायफाय पाठवायला लागलं की रेषेला खड्डा, पार अडीचच्या खाली.

हिशोब मांडला तर आश्चर्य वाटत नाही. ७० ओहमची कॉइल म्हणजे एका रिलेला ७० मिलीअँप, चारचे २८०. वायफाय पाठवताना चिप २४० च्या आसपास खेचते. लॅपटॉपच्या यूएसबी २ पोर्टचे ५०० तिथेच संपले. त्यात सोबत आलेली केबल बारीक, २८ गेजची तार असेल तर मीटरला ०.२ ओहम, जाऊन-येऊन दीड मीटरला ०.६ च्या वर, म्हणजे अर्ध्या अँपला तिथेच ०.३ व्होल्ट गेले. पुढे शॉटकी डायोड आणखी ०.३-०.४ खातो. राहिले ४.३, आणि त्यावर ३.३ व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर एएमएस१११७, ज्याला स्वतःलाच वर १.१ ते १.३ व्होल्ट हवेत. ३.३ येणार कुठून? मॉड्यूलजवळ कॅप (कपॅसिटर, असा झटका सांभाळून घेणारा) बघितला तर १० मायक्रोफॅरडचा, बस. इथे कंपनीने दोन रुपये वाचवलेत आणि याचाच मला राग आहे.

मी रिलेंना बोर्डाची पॉवर जोडणारा जंपर काढून त्यांना वेगळा ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर दिला, अर्ध्या मीटरची जाड केबल घेतली आणि मॉड्यूलच्या ३.३ आणि ग्राउंड पिनांना चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कॅप टाकला. त्यानंतर भर पावसाळ्यात एकदाही रीसेट नाही. एवढा मोठा कॅप ५ व्होल्टच्या बाजूला टाकू नका हं, यूएसबीच्या नियमात तिथे १० मायक्रोफॅरडच चालतं, काही पोर्ट प्लग लावताक्षणी बंद पडतात.

१२ व्होल्ट व्हीइनला (बोर्डाच्या पॉवर इनपुट पिनेला) द्यायचा विचार असेल तर सोडा, २५० मिलीअँपला रेग्युलेटरमध्ये २ वॉटच्या वर नुसती उष्णता, बोट ठेववत नाही.

बॅटरीवाल्यांनी तर घेऊच नका. चिप डीप स्लीपमध्ये (जवळपास सगळं बंद करून झोपल्यावर) १० मायक्रोअँपवर येते पण रेग्युलेटर एकटा ५ मिलीअँप पितो, वर लाल एलईडी कायम पेटलेला, २००० एमएएचचा सेल दोन आठवडेही जाणार नाही. पॉवरबँक लावली तर तिला वाटतं लोडच नाही, ती आपोआप बंद होते. भिंतीतल्या प्लगवर ठेवणार असाल आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरता येत असेल तर घ्या, चार रिलेंसकट या किमतीत दुसरा बरा बोर्ड मला तरी दिसला नाही.